स्टेअरिंग लागतं की नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

जाताना घरातली एकुलती एक बॅटरी घेऊन गेलीस. तिकडे तुझ्या गॅरेजात दिवे नाहीत का? मी इथे गाडीखाली डोकं घालते आणि काळोखाशिवाय मला काही दिसत नाही. मेणबत्ती धरली तर तुझा बाप ओरडतो, "आई, वर पेट्रोल आहे, घरासकट जाशील." फोन केला तर तू कापतेस. म्हणून कागद खराब करतेय. चौथीपर्यंतच्या शाळेचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

आता बरी आहेस ना वगैरे. मी बरी आहे. गुडघे आहेत तिथेच आहेत.

तुझ्या बापाने आजोबांच्या लाल गाडीचं नाव जुन्या गाड्यांच्या फेरीत घातलंय. तेवीस तारखेला, रविवारी. डोंगराच्या रस्त्याने वर जायचं, वर चहा प्यायचा आणि परत खाली यायचं. चहा खालीही मिळतो, पण शहाण्यांना कोण सांगणार. शेजारच्या सीटवर मी बसायचं ठरलंय. आजोबांच्या जागी त्यांची बायको बसलेली लोकांना बघायला बरी वाटेल म्हणे. मी काय शोभेची बाहुली आहे? पण हो म्हटलंय. तुझ्या आजोबांनी जिवंतपणी मला त्या गाडीत कधी बसवलं नाही. आधी ती नुसता सांगाडा होती आणि धावायला लागली तेव्हा शेजारच्या सीटवर तेच बसून तुला शिकवत होते.

तर मुद्दा. तुमचं भांडण झालं त्या दिवशी मी पायरीवर शेंगा सोलत होते आणि मला त्यातलं काडीचं कळलं नाही. तू म्हणालीस, वळणावर स्टेअरिंग कशाला तरी लागतं, ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. तो म्हणाला, आजोबा गेल्यापासून मी चालवतोय, मला कधी लागलं नाही. लागतं. नाही. लागतं. नाही. दोन पोपट. मग त्याने जॅक लावून गाडी उचलली, घोडीवर, म्हणजे त्या लोखंडी टेकूंवर ठेवली आणि तुला खाली वाकवून दाखवलं, बघ, बोट जाईल एवढी फट आहे. तू बघितलंस आणि तुझं तोंड उतरलं. एवढं मला पायरीवरून दिसलं. त्यावर तो म्हणाला, "स्टेअरिंग नाही लागत, तुला लागतं. त्या गाडीत दुसरं कुणी बसलेलं तुला बघवत नाही." आणि तू म्हणालीस, "चालव मग. मर."

किल्ली पाण्याच्या पिंपात टाकून तू गेलीस. ती काढताना माझी बाही खांद्यापर्यंत भिजली, ते कुणी विचारलं नाही.

तुमच्या दोघांच्या नाकावरचा राग तुमच्यापाशी ठेवा. मला त्या गाडीत बसायचंय आणि डोंगराच्या रस्त्याला एका बाजूने कठडा नाही. एका ओळीत कळव. लागतं की नाही?

तुझी आजी


१२ नोव्हेंबर, बुधवार

एका ओळीत म्हटलं म्हणून एकाच ओळीत लिहायचं असतं का? "लागतं. तू बसू नकोस." एवढ्याशा मजकुराला तिकीट लावताना तुला नाही, तरी तिकिटाला लाज वाटली असेल. आणि मी बसू नको म्हणजे काय? बापाने बसलेलं चालेल?

तुझा बाप तुझं नाव काढत नाही. काढणारही नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. रोज येऊन पोस्टमन आला होता का एवढं विचारतो. त्याचं एखादं मासिक यायचं असेल.

तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही. मिस्त्रीला बोलावून घेतला. तोच आपला कोपऱ्यावरचा, ज्याला सगळे सावकाश म्हणतात. गाडीखालून बाहेर यायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझा स्वयंपाक होतो. पण हात खोटा नाही. त्याने आणि तुझ्या बापाने गाडी घोडीवर चढवली आणि पुढचं डावं चाक काढून ठेवलं, म्हणजे मलाही दिसावं. मी पाट घेऊन शेजारी बसले आणि म्हटलं, मला चौथीच्या भाषेत सांगा.

सांगितलं ते असं. स्टेअरिंग फिरवलं की खाली एक दांडा इकडून तिकडे सरकतो आणि चाकं वळवतो. त्या दांड्याच्या डोक्यावरून इंजिनाचा धूर नेणारा पाइप जातो. जुनं इंजिन मेलं तेव्हा तू नि आजोबांनी दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं, ते अंगाने दांडगं, मूळचा पाइप काही बसेना, म्हणून तू हा नवा वाकवून आणि जोडांना डाग देऊन केलास. दांडा खाली, पाइप वर. मध्ये फट. ती पुरली तर गाडी वळेल. नाही पुरली तर दांडा पाइपाला अडकेल आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाईल. डोंगरावर सरळ म्हणजे कुठे, ते सांगायला मिस्त्री लागत नाही.

"बघा मावशी," सावकाश म्हणाला, "बोट जातंय."

"कुणाचं बोट?" मी म्हटलं. "तुझं बोट म्हणजे काडी. ह्याचं घाल."

तुझ्या बापाचं अडकलं. मग दोघं हसले आणि म्हणाले, म्हातारीला काय समजावणार.

तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. म्हणजे आठवण अशी नाही, राग आला. माझ्या परातीतून कणकेचा गोळा उचलून न्यायचे. कित्येक वर्षं मला वाटायचं, मासे धरायला नेतात, आणि मासा तर कधी घरी येत नाही. मग एकदा तू सांगितलंस. फटीत गोळा ठेवायचा, वरून तेलाचं बोट फिरवायचं म्हणजे चिकटत नाही, मग स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि गोळा काढून बघायचा. गोळा जिथे सगळ्यात पातळ उरला तेवढीच जागा. बोट खोटं बोलेल, कणीक नाही, असं ते म्हणायचे. चोर तो चोर आणि वर तत्त्वज्ञान.

तर मी आत जाऊन कणीक आणली, घट्ट मळलेली. तुझ्या बापाने डोळे फिरवले, पण स्टेअरिंग फिरवलं. डाव्या टोकाला, उजव्या टोकाला, पुन्हा एकदा. गोळा काढला. नुसता कुरवाळल्यासारखा एका बाजूने दबला होता. जाडजूड. माझं बोट आडवं राहील एवढा.

म्हणजे लागत नाही.

आता माझी पंचाईत समज. लहानपणी साखर खाऊन तोंड न पुसता तू "नाही खाल्ली" म्हणायचीस. तेवढंच खोटं तुला जमतं. मग हे काय? कणीक खरी धरू की तू? ओळी वाढवून लिही.

तुझी आजी


१८ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं ठिकाणावर नाही, अक्षराला नावं ठेवू नकोस. लागत नाही. लागतं. लागत नाही. सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि तिन्ही खरं आहे.

तुझं उत्तर नाही तर नाही. माझं ऐक.

रविवारी सावकाशने चाकांना ग्रीस द्यायला गाडी पुन्हा घोडीवर घेतली. मी त्याच्या नकळत गोळा आत ठेवून दिला. खात्री दोनदा करावी, एकदा केली की ती नवऱ्यासारखी असते, चालते पण सांगता येत नाही. तेवढ्यात शेजारीण बोलत बसली, मी गोळा विसरले आणि ह्या दोघांनी चाक लावून गाडी खाली घेतली. तुझा बाप म्हणाला, "चल आई, रविवारची तालीम करू. बसता तरी येतंय का बघ."

बसता आलं. उठता येईल की नाही हा पुढचा प्रश्न होता. रस्त्याने कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथे तो गर्रकन वळला आणि माझ्या पायांपाशी खालून टक् असं वाजलं.

"काय वाजलं?" मी म्हटलं.

"तुझे गुडघे," तो म्हणाला.

माझे गुडघे मी ओळखते. ते कुरकुरतात, टक् करत नाहीत.

घरी आल्यावर तो हात धुवायला गेला तेव्हा मी चाकाच्या मागून हात घातला आणि गोळा चाचपला. एका गोळ्याचे दोन गोळे झाले होते. सुरीने कापल्यासारखे, आणि कापलेल्या जागी काळी रेघ. हाताला चटकाही बसला, कारण पाइप तापलेला. हे मी बापाला सांगितलं नाही. वांगं भाजताना लागलं म्हटलं.

मला वाटलं, उंदीर असेल. पण उंदीर काळी रेघ ओढत नाही. मग वाटलं, कणीक वाळली असेल. सोमवारी ताजी मळली. तुझा बाप एकटाच पेट्रोल भरायला गेला, त्याच्याआधी हळूच ठेवली. परत आला तेव्हा काढली. दबलेली, पातळ, पण सबंध.

आता सांग. त्याच गाडीला, त्याच वळणाला रविवारी लागतं आणि सोमवारी लागत नाही? लोखंडाला वार कळतात का? की मी बसले म्हणून लागलं? मी काय अशी अपशकुनी आहे का? घोडीवर जाड, तो एकटा बसला की पातळ, मी शेजारी बसले की दोन तुकडे. तिन्ही गोळे फळीवर ओळीने मांडून ठेवलेत आणि येता-जाता बघते. कळत काही नाही. मध्येच काहीतरी कळल्यासारखं होतं आणि मग ते जातं.

काल शेवटी त्याला फळीपाशी नेलं. त्याने तिन्ही बघितले. तोंड वाकडं करून म्हणाला, "कणकेवर विश्वास ठेवून मी मिस्त्रीला खोटं पाडू?"

"मला टक् ऐकू आलं."

"तुला ती पढवतेय. पत्रं येतात ते मला माहीत नाही असं समजू नकोस."

"मग पोस्टमनची चौकशी कशाला करतोस?" मी म्हटलं.

त्याने गोळे पुन्हा ओळीत सरकवले. मग म्हणाला, "रविवारी मी जाणार. तुला भीती वाटत असेल तर मी दुसऱ्या कुणाला तरी बसवीन. सीट रिकामी ठेवणार नाही." भीती मला नाही वाटत. माझ्याकडे घालवायला फार उरलेलं नाही. पण ह्या घरात तो एकच आहे जो मला आई म्हणतो, आणि त्याला दोन पाय धड ठेवून रविवारी संध्याकाळी जेवायला आणायचाय. तेवढंच माझं काम. बाकी तुमचं खरं-खोटं तुम्ही वाटून घ्या.

एकच विचारते आणि ह्याचं उत्तर लगेच पाहिजे. ती गाडी तू एकटीने कधी चालवली होतीस का?

तुझी आजी


२३ नोव्हेंबर, रविवार

तुझं पत्र काल आलं. पाच ओळी. प्रगती आहे.

"एकटीने कधीच नाही. शेजारी आजोबा असायचेच. बाबाने खाली वाकवून दाखवलं तेव्हा फट मलाही दिसली. तेव्हापासून माझे हातच खोटे वाटतात. इथे मी कुणाच्या स्टेअरिंगला हात लावत नाही, चाकं तेवढी बदलते."

हे वाचून मी पहिल्यांदा चिडले. इतकी वर्षं आजोबांच्या मागे गाडीखाली लोळून तू चाकं बदलायला शिकलीस का? मग बसले. बसूनही काही सुधरेना. आजोबा होते म्हणून तुला लागायचं. मी होते म्हणून मला लागलं. बाप एकटा असतो म्हणून त्याला लागत नाही. इथवर येऊन माझी गाडी अडत होती.

आज सकाळी तुझा बाप इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी पुसून दारात उभा. सावकाश त्याला निरोप द्यायला आलेला, हातात फडकं. मीही केस विंचरून आले आणि सीटवर बसले. तुझा बाप खूश झाला. स्टेअरिंगमागे बसला, किल्ली घातली.

"थांब," मी म्हटलं. पदराखालून कणकेचा गोळा काढून सावकाशच्या हातात दिला. "पाइप गार आहे तोवर हा ठेव."

"आई, उशीर होतोय."

"मला उशीर करायचा हक्क आहे, तुला मी दहाव्या महिन्यात जन्माला घातलाय."

सावकाशला म्हटलं, आता तू जमिनीवर झोप आणि खालून बघ. घोडीबिडी काही लावायची नाही. आम्ही दोघं उतरणार नाही. तो म्हणाला, "मावशी, गाडी एवढी खाली आहे, मला जागा कुठे?" मी म्हटलं, डोकं तेवढं घाल, अक्कल तिथेच आहे. त्याने पोतं अंथरलं, आडवा झाला आणि चाकामागून एक डोळा लावला. तुझ्या बापाने चिडून स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. शेवटपर्यंत.

टक्.

इंजिन बंद. रस्ता रिकामा. ह्या वेळी माझ्या गुडघ्यांवर ढकलायची सोय नव्हती.

सावकाशने आत हात घालून चाचपलं. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही उतरा." उतरवायला दोघं लागले. "आता तुम्ही फिरवा," तो बापाला म्हणाला. फिरवलं. काही नाही. "मावशी, पुन्हा बसा." बसले. टक्. असं मला चार वेळा चढवलं-उतरवलं, जशी मी बादली आणि ती विहीर. शेवटी तो पोत्यावर उठून बसला, अंगाला माती, आणि पहिल्यांदाच भराभरा बोलला. म्हणाला, गाडी घोडीवर टांगली की चाकं खाली लोंबतात, दांडाही त्यांच्याबरोबर खाली जातो, आणि पाइप वरच राहतो, म्हणून तिथे बोट जातं. जमिनीवर उभी केली की वरचं सगळं खाली बसतं. डाव्या सीटवर माणूस बसलं की डावी बाजू आणखी बसते, आणि पाइप डावीकडेच आहे. मग तो दांड्याला लागतो. "आपण दर वेळी उचलूनच बघत होतो," तो म्हणाला. "उचलल्यावर लागणारच नाही."

मला हे अजून नीट कळलेलं नाही. रात्री परातीत वाटी उपडी घालून बघणार आहे. पण एवढं कळलं की ह्यात खोटं कुणीच बोललेलं नाही. कणीक नाही, सावकाश नाही, तू नाही, तोही नाही. आणि एक गोष्ट ध्यानात आली ती लिहिते, आवडली नाही तर खोडून टाक. त्या गाडीत तू आणि तुझा बाप एकदाही शेजारी-शेजारी बसला नाहीत. एकदा कोपऱ्यापर्यंत गेला असता तर वळणावर वाजलं असतं, दोघांनी एकदमच ऐकलं असतं आणि मला पिंपात हात घालावा लागला नसता.

तुझा बाप बराच वेळ स्टेअरिंग धरून बसून राहिला. रस्त्याने फेरीच्या दोन-तीन गाड्या भोंगे वाजवत गेल्या. त्याने हातसुद्धा केला नाही.

"ती सांगत होती," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

सावकाश म्हणाला, "पाइप इथून कापू, थोडा वर घेऊन पुन्हा डाग देऊ. संध्याकाळपर्यंत होईल. पुढच्या फेरीला न्या."

"हात लावू नकोस," तुझा बाप म्हणाला. "डाग तिचा आहे. तीच कापेल."

"मग बोलाव तिला," मी म्हटलं.

"तिने मला मर म्हटलंय, आई."

"आणि तू मेला नाहीस. तिला तेवढं तरी कळव."

तो आत गेला. कपाटात कागद शोधतोय, त्याचा आवाज येतोय. पेन कुठे आहे असं दोनदा विचारून झालं. पेन माझ्याकडे आहे. हे पत्र संपल्याशिवाय देणार नाही, नाहीतर तो "गाडी ठीक आहे" एवढं लिहून मोकळा होईल. एक ओळ लिहायची खोड तुला कुठून आली ते आता कळलं.

सोबत चिंधीत बांधून कणकेचे तिन्ही गोळे पाठवतेय. जाड तो घोडीवरचा. पातळ तो बापाचा एकट्याचा. दोन तुकडे झालेला आमच्या दोघांचा. किती जागा कमी पडते ते त्यावरून मोज आणि तुझे हात खोटे नाहीत हेही त्यातच बघ, मी वेगळं लिहिणार नाही. पोस्टात भुगा झाला तर मला बोलायचं नाही.

संध्याकाळी तो जेवायला घरी असेल. माझं काम झालं.

आता ह्याचं उत्तर मला लिहायचं नाही. पाइप कुठे कापायचा, किती वर घ्यायचा आणि कापायला कोण कधी येणार, ते तुझ्या बापाला लिही. पाकिटावर त्याचं नाव घाल. माझ्या नावाचं आलं तर न फोडता पोस्टमनच्या हाती परत देईन. त्याच्याही पत्राचं उत्तर त्यालाच द्यायचं, माझ्यामार्फत निरोप चालणार नाही. मी तुमच्या फटीतली कणीक नाही. आणि येशील तेव्हा बॅटरी आण.

तुझी आजी